दस्तगीर मिस्त्रींची सातमजली कचेरी

दस्तगीर मिस्त्री कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीला हात लावत. देवळात पाऊल टाकताना आपला हात घंटेकडे जातो, तितक्याच सहज. तळहात सपाट ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग तर्जनीनं विटा मोजत पुढं सरकायचं. भिंतीला गिलावा असला तर ते थोडे हिरमुसत. "कापडं घातल्यात," म्हणत, "आतलं हाड दिसंना."

साताऱ्यातल्या आमच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागले, ती बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पातळ मेणकापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. स्वतःचं डोकं चालवायला त्यात वाव नसे, आणि चालवलेलं कुणाला आवडतही नसे. ड्रॉइंगच्या खोलीत मी एकटीच बाई. खिडकीशी माझं टेबल होतं आणि मान वर केली की अजिंक्यताऱ्याची कड दिसायची.

एके दिवशी दुपारी पन्नाशी उलटलेला एक उंच, वाळकुडा माणूस नकाशाची गुंडाळी काखेत मारून माझ्यासमोर उभा राहिला. पांढरी टोपी, खाकी शर्ट, आणि बोटांच्या पेरांना चुन्यानं पडलेल्या भेगा. खोलीत दुसरं कुणी नाही हे त्यानं आधी बघून घेतलं.

"आवं बाई, जरा हिकडं बघा. पाचगणीच्या डाकबंगल्याचा हाय. ह्यो दरवाजा ह्या अंगाला उघडतोय, आन् ह्यो न्हाणीचा त्या अंगाला. दोनी एकदम उघडलं तर?"

मी बघितलं. "धडकतील."

"धडकत्याल, आन् आतला मानूस आतच ऱ्हाईल. सायेब थंड हवा खायाला जात्यात तितं. न्हाणीत कोंडून घ्यायला न्हाई."

चूक माझी होती. ट्रेस करताना एका दाराची कमान, म्हणजे ते कुठल्या अंगाला उघडतं ते दाखवणारी गोल रेघ, मी उलटी काढली होती. हे त्यांनी आमच्या हेड ड्राफ्ट्समन साळुंख्यांना सांगितलं असतं तर माझी पहिल्या महिन्यातच शोभा झाली असती. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बाहेर पायरीवर बसून राहिले होते. मी ब्लेडनं रेघ खरवडली, नवी काढली. त्यांनी गुंडाळी परत काखेत घातली आणि जाताना एवढंच म्हणाले, "भित्त खोटं बोलत न्हाई, बाई. बोललीच, तर वळंबा सांगतोय." वळंबा म्हणजे ओळंबा, गवंड्याची ती दोरीला लोंबणारी वजनी गोळी. ती कायम त्यांच्या खिशात असे.

मिस्त्री तासगावचे. बायको-मुलगा तिकडं, हे साताऱ्यात खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारची एसटी धरायचे आणि सोमवारी परत. द्राक्षांच्या दिवसांत पिशवीभर द्राक्षं आणत आणि आम्हा सगळ्यांच्या टेबलांवर एकेक घोस ठेवत. मी त्यांना चाचा म्हणायला कधी लागले ते आठवत नाही. ते मला बाई म्हणायचे, पण लाडात आले की त्याचं 'लेकी' व्हायचं.

पुढच्या थंडीत ते असेच सुट्टीत आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं त्यांचं.

"लेकी, एक इमारत काढून देशील?"

"कुठली?"

"जर्मनीची."

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते गंमत करत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात गवंडी म्हणून भरती झाले, आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, तिथून इटली आणि इटलीहून जर्मनी. बंदराचं मोठं गाव होतं. नाव ते 'हामबुरूक' असं घ्यायचे. बाँब पडून निम्मं गाव ढिगाऱ्यात गेलेलं. कैद्यांतले गवंडी निवडून काढले आणि त्यांची टोळी एका सातमजली कचेरीवर नेऊन सोडली. कचेरीचा एक कोपरा उडाला होता. पडलेल्या विटा वेचायच्या, तासायच्या, पुसायच्या आणि तोच कोपरा पुन्हा उभा करायचा. जवळजवळ वर्षभर मिस्त्रींनी तेच केलं.

"आशी इमारत मी पुन्ना बघितली न्हाई," ते म्हणाले. "आपल्या हितं भट्टीत करपून काळी पडलेली वीट आपुन काय करतो? जोत्यात गाडून टाकतो. त्येंनी ती म्होरं लावलेली. एक जांभळी, एक काळी, एक तांबूस. दोन विटा एकसारख्या न्हाईत. पर लांबनं बघितलं की मोराच्या मानंवानी दिसायचं."

"मग आता एवढ्या वर्षांनी काढायची कशाला?"

"रस्त्याच्या अंगाला वरच्या मजल्यावर खिडक्या किती, त्ये आठवंना. सतरा का अठरा. तीस वरसं मला रोज याद हुतं. परवा राती जागा झालो आन् येकदम जमंना. म्हटलं, आज खिडकी गेली, उद्या भित्त जाईल. समदं जायच्या आत कागदावर घ्यावं."

आम्ही दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. रद्द झालेल्या अमोनिया प्रिंटांची, म्हणजे नकाशांच्या छापील नकलांची, कोरी पाठ, माझी पेन्सिल आणि रोजची अर्ध्या तासाची सुट्टी. अडचण मापांची होती. मिस्त्रींच्या डोक्यात फूट-इंच नव्हतेच. त्यांनी ती कचेरी आतून पावलांनी मोजली होती आणि बाहेरून विटांनी. कशासाठी मोजली, असं विचारलं तर म्हणाले, "कैद्याला दुसरं काय काम? मोजत ऱ्हायलं की भूक कळत न्हाई."

म्हणून मी आधी त्यांनाच मोजलं. कचेरीच्या लांब व्हरांड्यात त्यांना चालायला लावलं, टेप धरली. पाऊल पडलं दोन फूट चार इंचाचं, आणि दहा वेळा चालवलं तरी त्यात बोटभर फरक नाही. तिथली वीट सांध्यासकट केवढी, तर "माजी एक वीत आन् दोन बोटं." वीत मोजली, बोटं मोजली. दहा इंच. त्या दिवसापासून त्यांचं शरीर ही आमची फूटपट्टी झाली.

कागदावर कचेरी हळूहळू उभी राहायला लागली. मधे मोठा चौक होता, आतल्या खोल्यांनाही उजेड मिळावा म्हणून. चारी बाजूंनी कचेऱ्याच कचेऱ्या. कॉफीचा व्यापारी, लोकरीचा, जहाजांचा, विम्याचा, सगळे एकाच छपराखाली भाड्यानं बसत. आत लोखंडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि बाहेरची वीट त्याला नुसती पांघरल्यासारखी. जिन्याच्या खोलीला खालपासून वरपर्यंत हिरव्या चकचकीत फरशा होत्या. मिस्त्री सांगायचे, "हात लावला की पान्यात घातल्यावानी गार."

हे सगळं त्यांना दाखवलं होतं तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं. त्याचं नाव हेर्मान. मिस्त्री त्याला हरमानबाबा म्हणत. पहिल्या महायुद्धाच्याही आधी ही कचेरी बांधली तेव्हा हा हरमानबाबा तिथं तरणाबांड गवंडी होता. काम संपलं, बाकीचे गेले, हा तिथंच राखणदार म्हणून राहिला. बाँबनं कोपरा पडला तेव्हा त्यानं स्वतः लावलेल्या विटाही त्यात पडल्या.

"त्याची भाषा तुम्हाला येत होती?"

"छ्या. त्येला माजी न्हाई, मला त्याची न्हाई. पर तो वीट उचलून दाखवायचा, आशी न्हाई, आशी. मी लावायचो. तो मान हालवायचा. गवंड्याला आनि काय बोलायचं आसतंय?"

पंधरा दिवसांनी आम्ही खिडक्यांपाशी पोचलो. रस्त्याच्या बाजूची भिंत विटांनी मोजलेली होती, खिडकीची रुंदी पक्की होती, दोन खिडक्यांमधल्या खांबाचीही. मी बेरीज-भागाकार मांडला. सतरा बसवल्या तर शेवटी एका खिडकीची जागा उरत होती. अठरा नेमक्या बसत होत्या. मी कागद त्यांच्याकडे फिरवला.

"अठरा, चाचा."

ते कागदाकडे बघत राहिले. मग टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. "मला आठवंना, आन् कागदाला आठवलं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी राजवाड्यावरून माझ्यासाठी कंदी पेढे आणले.

त्या आनंदानंतर आठवड्यातच आमचं भांडण झालं.

पूर्वेची बाजू घेतली होती. तिथं मुख्य दार आणि हिरव्या फरशीचा जिना. बाहेरून दोनशे अठ्ठावीस विटा, म्हणजे एकशे नव्वद फूट. आतून खोल्या, जिना, मधल्या भिंती सगळं धरून अठ्ठ्याहत्तर पावलं. म्हणजे एकशे ब्याऐंशी. आठ फूट कुठंतरी गायब होते. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं.

"विटा चुकल्या असतील?"

"इटा चुकायच्या न्हाईत."

"मग पावलं?"

"पावलं बी न्हाई."

"मग इथं जिन्याच्या शेजारी काहीतरी होतं. आठ फुटांचं. काय होतं?"

"काय बी नव्हतं." ते एकदम उभे राहिले. "आवं सोडा की, बाई! चार भित्ती जाड दाखवा आन् मोकळं व्हा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अर्ध्या इंचासाठी दिवसाचं काम पाडून पुन्हा उभं करणारा हा माणूस मला भिंती जाड दाखवायला सांगत होता. माझाही तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता, भिंत खोटं बोलत नाही. मग मी खोटी भिंत कशी काढू?"

त्यांनी जेवणाचा डबा उचलला आणि निघून गेले. चार दिवस ते ड्रॉइंगच्या खोलीकडे फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी साळुंख्यांनीच विषय काढला. साळुंखे कामाला चोख, पण चेष्टेखोर. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काय, तुझा जर्मन आर्किटेक्ट रुसला वाटतं? रहाटगाडगं सांगितलं का नाही त्यानं तुला?"

"कसलं रहाटगाडगं?"

मग त्यांच्याकडून कळलं. मिस्त्री लढाईवरून परत आले तेव्हा त्यांनी तासगावात एका लिफ्टची गोष्ट सांगितली होती. म्हणे तिला दार नव्हतं. ती थांबत नव्हती. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखी नुसती फिरत राहायची, एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली, आणि माणसं चालत्या लिफ्टीत चढायची, चालत्या लिफ्टीतून उतरायची. अख्खं गाव पोट धरून हसलं. कुणी विचारायचं, वरच्या टोकाला मुंडकं खाली आणि पाय वर होत असतील की. कुणी विचारायचं, गाडग्यात पाणी असायचं का माणसं. गावानं त्यांचं नाव रहाटगाडगे मिस्त्री पाडलं. ते नाव बदलीबरोबर कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरत साताऱ्यालाही पोचलं.

"आता नाही सांगत," साळुंखे म्हणाले. "मी सुद्धा छेडून बघितलं. तोंड मिटून बसतो."

संध्याकाळी मी घरी वडिलांना विचारलं. ते स्वतः हवालदार होऊन पलटणीतून परत आलेले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "लढाईवरून आल्याला गडी दोनच कामं करतो. एक तर गप बसतो, न्हाईतर फेकतो." मग म्हणाले, "पर फेकनारा कवा गप बसत न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मिस्त्रींना शोधत गेले. ते कचेरीच्या मागं कुंपणाच्या भिंतीचे सांधे भरत होते. मी तिथंच एका विटेवर बसले.

"चाचा, आठ फूट रुंद आणि साधारण चार फूट खोल जागा आहे. त्यात लिफ्टीच्या दोन पेट्या शेजारी-शेजारी बसतात. एक वर जाणारी, एक खाली येणारी."

त्यांची थापी हातातच राहिली.

"साळुंख्यानं सांगितलं व्हय?"

"गोष्ट त्यांनी सांगितली. आठ फूट तुम्हीच सांगितले. लिफ्ट वगळलीत, पण बाहेरच्या विटा मोजायच्या काही सोडल्या नाहीत."

ते खाली बसले. बराच वेळ हातातली थापी उलटसुलट करत राहिले. "लोकं हसली त्याचं मला काय न्हाई, लेकी. मी बी हासायचो त्यांच्यासंगं. पर रफिक चौथीत हुता तवाची गोष्ट. शाळंतनं रडत आला. म्हनला, आब्बा, ती लिफ्टची गोष्ट कुनाला सांगू नका. पोरं मला गाडगं म्हन्त्यात. त्या दिवसापास्नं न्हाई सांगितली. बायकोला बी न्हाई. आता मधीमधी मलाच वाटतंय, बघितलं हुतं का नव्हतं?"

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. आठ फूट जागा होती एवढंच मला ठाऊक होतं. जागा आहे म्हणून लिफ्ट होती असं होत नाही. मी म्हटलं, "मला सांगा. विटांनी सांगितलंत तसं सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. वर्षभर ती लिफ्ट बंद होती, कारण गावात वीजच नव्हती. कोपरा बांधून होत आला तेव्हा एक दिवस वीज आली. हरमानबाबा तळघरात गेला, काहीतरी खटका ओढला, आणि त्या रिकाम्या इमारतीत कुठूनतरी खोल, दळणासारखी घरघर सुरू झाली. जिन्याशेजारच्या दोन उघड्या खणांतून लाकडी पेट्या यायला लागल्या. डावीकडच्या वर चाललेल्या, उजवीकडच्या खाली. एकामागून एक, रिकाम्या.

"हरमानबाबानं माझं मनगाट धरलं. पेटी आली तसा म्हनला, हॉप! दोघांनी पाय टाकला. आत हुतो. पैला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी त्याच्याकडं बघतोय, कवा उतरायचं. तो हासतोय. सातवा बी गेला. मी म्हटलं, या अल्ला, आता उलटं हुतंय. डोळं गच्च मिटलं. पर उलटं काय बी झालं न्हाई. अंधार झाला, वंगणाचा वास आला, मोठ्ठं चाक कानाशी फिरतंय. आन् पेटी येका अंगाला सरकली. सरळच्या सरळ. पालखी वळवत्यात तशी. आन् खाली निघाली."

"मग?"

"मग काय! उजेड आला तर तो म्हातारा हासून हासून रडतोय. आन् मी बी. दोन वरसं झाली हुती, लेकी, मी हासलो न्हवतो. खालपत्तुर आलो, पर उतरलो न्हाई. आनि येक फेरी मारली."

मी त्यांना विचारलं, पेटी साखळीला कुठं अडकवलेली होती. त्यांनी डोळे मिटले. हात हवेत धरून जणू ती पेटी चाचपली. "दोन साखळ्या. येक पुढच्या डाव्या कोपऱ्याला. दुसरी मागच्या उजव्या कोपऱ्याला."

घरी येऊन मी काडेपेटी घेतली. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांना दोन दोरे बांधले, दोन पेन्सिलींवरून ते फिरवले. पहिल्यांदा गुंता झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काडेपेटी पेन्सिलीच्या टोकापर्यंत चढली, सरळच्या सरळ पलीकडं सरकली आणि खाली आली. आत ठेवलेल्या काड्या जागच्या हलल्या नाहीत. मी आईला हाक मारून दाखवलं. तिला काय ते कळलं नाही, पण मला रडू का आलं असं तिनं विचारलं.

त्यानंतर महिनाभर आम्ही छेद काढला. छेद म्हणजे इमारत सुरीनं उभी कापली तर आत जे दिसेल ते. तळघरातलं चाक, सात मजले, उघडे खण, त्यात वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या पेट्या, आणि माळ्यावरचं मोठं चाक. हे मात्र मी पेन्सिलीवर ठेवलं नाही. चांगलं मेणकापड ताणलं आणि शाईनं काढलं. खात्याचं कापड होतं. चोरीच म्हणायची.

नकाशा पुरा झाला तेव्हा मी तो साहेबांकडे जाणाऱ्या बाकीच्या नकाशांत घालून साळुंख्यांच्या टेबलावर ठेवला. हे मी मिस्त्रींना विचारून केलं नव्हतं. कापडाबद्दल मेमो मिळेल हे गृहीत धरलं होतं. साळुंख्यांनी नेहमीसारखी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक तपासायला लागले. त्या नकाशाशी आले. वर लिहिलेलं 'दस्तगीर मिस्त्रींची सातमजली कचेरी' हे नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, ओठांवर हसू आलं. पण माणूस हाडाचा ड्राफ्ट्समन. नजर एकदा रेघांवर पडली की त्यांना ती उचलता येत नसे.

त्यांनी बेरजा केल्या. साखळीवरून पेन्सिलीचं टोक फिरवत नेलं, वरच्या चाकाशी थांबले, पलीकडं उतरले. परत खालून सुरुवात केली. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. पाऊण तासानं त्यांनी शिपायाला सांगितलं, "दस्तगीर मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री दारात आले, टेबलावरचा नकाशा बघितला आणि तिथंच थबकले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, आपण घात केला. खोलीत आठ-दहा जण होते. सगळ्यांचे हात थांबलेले.

"या, मिस्त्री," साळुंखे म्हणाले. 'दस्तगीर' किंवा 'रहाटगाडगे' म्हणाले नाहीत. स्वतः उठून त्यांनी स्टूल ओढलं. "मला एक सांगा. ही साखळी चोवीस तास फिरणार. हिला वंगण कुठून देत होते?"

मिस्त्री उभेच होते. मला वाटतं, तीस वर्षांत माझ्याखेरीज कुणी त्यांना त्या लिफ्टबद्दल विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"माळ्यावर," ते सावकाश म्हणाले. "वरच्या चाकाशेजारी पत्र्याचं डबडं हुतं, सायेब. त्यातनं थेंब-थेंब. वीज आल्यावर हरमानबाबा दर सोमवारी भरायचा." मग पुढं झाले, बसले, आणि बोट नकाशावर ठेवलं. "ह्ये बघा, हितं."

त्या दुपारी ड्रॉइंगच्या खोलीत काम झालं नाही. कुणी विचारलं, लहान मुलं कशी चढायची. कुणी विचारलं, धोतर अडकलं तर. पण ह्या वेळच्या हसण्यात मिस्त्रीही मनापासून होते. चहा दोनदा आला. साळुंख्यांनी शेवटी लाल पेन्सिलीनं एकच खूण केली. जिन्याच्या एका पायरीची उंची लिहायची मी विसरले होते. कापडाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

मिस्त्री रिटायर झाले तेव्हा खात्यानं नारळ आणि शाल दिली. आम्ही ड्रॉइंगवाल्यांनी त्या नकाशाची अमोनिया प्रिंट काढून दिली. ते ती एसटीत मांडीवर घेऊन गेले. महिन्याभरानं एक तरणा मुलगा कचेरीत मला शोधत आला. सांगलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता.

"मी रफिक. आब्बांना ठाऊक न्हाई मी आलोय ते." तो खाली बघत होता. "त्या नकाशाची आनि येक कापी मिळंल का? मला माझी पायजे." मी प्रिंट काढून दिली. त्यानं ती तिथंच उलगडली आणि वरच्या चाकावर बोट ठेवून कितीतरी वेळ त्याचे दाते मोजत राहिला. "बराबर हाय," शेवटी म्हणाला. "हे चालनार." आणि पटकन तोंड फिरवलं.

पुढं माझं लग्न झालं, बदलीही सांगलीला झाली. तासगाव हाकेच्या अंतरावर, पण संसारात जाणं राहून जायचं. दोन-तीनदा ईदला गेले तेवढंच. मिस्त्री ओट्यावर असायचे, भोवती चार माणसं असायची. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात रफिकचा निरोप आला. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. कसला त्रास नाही, दुखणं नाही.

मी चार दिवसांनी गेले. हमीदाचाची आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. मी जवळ बसले, त्यांचा हात धरला. त्याच बोलायला लागल्या.

"बाई, तुमच्यापायी लय सोसलं बघा मी. त्यो कागद आला आन् पाच वरसं रोज लिफ्ट. सकाळी दूधवाला आला की लिफ्ट. पावना आला की लिफ्ट. मी म्हनायची, आवं, भाकरी गार हुतीया, आधी खाली उतरा." त्या पदरानं डोळे पुसत हसल्या. "आता घर लय गप झालंय. रफिकला सांगाय येत न्हाई, त्यो नुसतं चाकच सांगतोय. तुमाला त्येंनी सांगितली हुती न्हवं? तुमी सांगा येकदा."

मी सांगायला लागले. वीज आली, हरमानबाबानं मनगट धरलं, दोघांनी पाय टाकला. मजले गेले. सातवाही गेला. अंधार झाला, वंगणाचा वास आला, पेटी पालखीसारखी वळली. चाची डोळे मिटून ऐकत होत्या. मी म्हटलं, "मग उजेड आला आणि दोघं हसायला लागले."

त्यांनी डोळे उघडले. "आन् टोपी?"

"कसली टोपी?"

"आवं, त्या म्हाताऱ्याची! वर वळताना चाकाच्या वाऱ्यानं उडाली, आन् मागल्या पेटीत जाऊन पडली. ह्ये दोघं खाली आलं, आन् त्यांच्या मागनं येकटी टोपी उतरून आली. म्हनून तर हासलं! तुमाला टोपीचं सांगितलंच न्हाई त्येंनी?"

"नाही, चाची."

"बगा," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून नीट मांडी घालून बसल्या. "तुमाला निम्मीच ठावं हाय. ऐका आता, पैल्यापास्नं सांगते."